माशीवरचं टोपण

नळीच्या टोकावर नेमासाठी जो बारीक उंचवटा असतो, त्याला जुनी माणसं 'माशी' म्हणतात. इंग्रजी वळणाने बोलणारे फ्रंट साइट म्हणतात. दुर्बीण नसलेल्या शिकारी रायफलीत डोळ्याजवळची खाच, टोकाची माशी आणि समोरचं जनावर अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात. अनेक रायफलींच्या माशीवर पातळ पत्र्याचं एक नळकांडंही बसवलेलं असतं. त्याला हूड म्हणतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा रायफलींपैकी निम्म्यांवर तरी ते नसतं. कुणी हरवलेलं असतं, कुणी काढून खणात टाकलेलं असतं. बहुतेकांना त्याने काही फरक पडत नाही, आणि कित्येकदा पडतही नाही. ज्या रायफलीत पडला तिची ही हकिकत. तिच्यात मी स्वतः एकदा चुकीचा निदानकर्ता ठरलो आणि एकदा चुकीचा कारागीर, हेही आधीच सांगून टाकतो.

रायफल आणि तक्रार

रायफल .३०-३० कॅलिबरची, लिव्हर ॲक्शनची (चापाभोवतीची कडी खाली ओढून काडतूस आत घ्यायची), २० इंची नळीची. मागे उघडी खाच, पुढे चढणीसारख्या ठोकळ्यावर बसवलेला पितळी मणी. मालकाला ती मामांकडून मिळाली होती. मामांनी ती चाळीसएक वर्षं वापरली, आणि भाच्याच्या आठवणीत तरी तिच्यावरचं हूड कधी उतरलं नव्हतं. परवाना भाच्याच्या नावावर झाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते हूड काढण्याचं. कारणं दोन. एक, संध्याकाळी मणी दिसत नाही. दुसरं त्याने जरा चाचरतच सांगितलं, "दिसायलाही बरं नाही दिसत हो ते. नळीला टोपी घातल्यासारखं वाटतं."

तक्रार मात्र हुडाची नव्हती. त्याच्या मते नळी वाकली होती. सकाळी गोळी डावीकडे जाते, तो मागची खाच ठोकून सरकवतो, दुपारी तीच रायफल उजवीकडे मारते. पुन्हा ठोकतो. आठवड्याभरात असं तीनदा झालं होतं, आणि मागच्या खाचेच्या कडेला पितळी पंचाचे ठोसे स्पष्ट दिसत होते.

या ठोकाठोकीआधी घडलेला प्रसंग जास्त गंभीर होता. सूर्य उगवून अर्धा तास झाला असेल. उन्हाची तिरीप त्याच्या उजव्या हाताकडून येत होती, समोर काळसर झाडीची कड, आणि सत्तरेक मीटरवर एक नर हरीण त्याच्याकडे तोंड करून उभं. छातीच्या मध्यावर नेम धरून त्याने चाप ओढला. हरीण उसळलं आणि झाडीत शिरलं. जागेवर केसांचा पुंजका आणि रक्ताचे चार थेंब सापडले. गोळी जनावराच्या उजव्या कुशीला, म्हणजे त्याच्या नजरेने डावीकडे, चाटून गेली होती. दुपारपर्यंत माग काढला. पुढे रक्तही दिसेना, हरीणही सापडलं नाही. हे सांगताना त्याने मान वर केली नाही. नेम पूर्ण चुकल्याचं दुःख एका प्रकारचं असतं; चाटून गेल्याचं वेगळं, ते टिकतं.

पहिली तपासणी, आणि माझी चूक

रायफल रिकामी असल्याची खात्री करून मी ती खोलून पाहिली. नळी सरळ होती. नळीच्या आतून पाहिलं की आडव्या रेषेची सावली कुठे मोडते का ते कळतं. इथे मोडत नव्हती. मागची खाच खोबणीत घट्ट होती, दस्त्याचे स्क्रू घट्ट होते, माशीचा ठोकळा हलत नव्हता.

मागच्या खाचेखाली एक उपयोगी खूण सापडली. वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला भाग हलवला की त्याच्या जुन्या कडेची रेघ नळीवर उमटलेली दिसते. एका बाजूला रंग ताजा, दुसऱ्या बाजूला उडालेला. मामांची खाच कुठे बसायची ते त्या रेघेवरून केसाच्या अचूकतेने कळत होतं. मी ती पुन्हा तिथे नेऊन बसवली.

मग रेंजवर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ५० मीटरवर पाच गोळ्या मारल्या. पांढरा कागद, त्यावर काळं वर्तुळ. पाचही भोकं साधारण ५ सेंटिमीटरच्या घेरात आणि वर्तुळाच्या बरोबर मध्ये. उघड्या साइटच्या जुन्या रायफलीकडून याहून जास्त मागू नये. मी निकाल दिला, "रायफल उत्तम आहे. चाप झटका देऊन ओढत असाल."

तो काही बोलला नाही, पण चेहरा पडला. आठ दिवसांनी परत आला. त्याच सकाळी त्याने घराजवळच्या मोकळ्या रेंजवर तपकिरी खोक्यावर पाच गोळ्या मारल्या होत्या आणि ते खोकंच सोबत आणलं होतं. पाच भोकं एकमेकांना खेटून, आणि सगळी डावीकडे. झटका देऊन चाप ओढणाऱ्याच्या गोळ्या विखुरतात. अशा एकगठ्ठा, एकाच बाजूला सरकलेल्या गोळ्या हाताचा दोष सांगत नाहीत. ते खोकं पाहिल्यावर मी आधी माफी मागितली आणि मग चहा मागवला.

खोकं तपकिरी होतं, कागद पांढरा

फरक तिथेच होता. पांढऱ्या कागदासमोर माशीचा मणी काळी आकृती म्हणून दिसतो. त्याची बाह्यरेषा पूर्ण दिसते, त्यावर ऊन पडो वा न पडो. गडद पार्श्वभूमीसमोर बाह्यरेषा विरघळते. मग डोळा मण्याचा जो भाग चमकतो त्यालाच मणी समजतो. रानात पार्श्वभूमी जवळपास नेहमी गडदच असते. पांढऱ्या कागदावर झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेतलेली रायफल रानात वेगळी का वागते, याचं एक कारण हे आहे, आणि ते मला माहीत असूनही त्या दिवशी मी सवयीने पांढरा कागद लावला होता.

आता तपासणी नव्याने, त्याच्याच सकाळच्या वेळी, ऊन उजवीकडून, गडद तपकिरी पुठ्ठ्यावर. अंतर पुन्हा ५० मीटर, खाच मामांच्या रेघेवर.

उघड्या माशीने, उन्हात त्याने मारलेल्या पाच गोळ्यांचा मध्य सुमारे ९ सेंटिमीटर डावीकडे गेला. मग रायफल रिकामी करून नळीच्या उजव्या बाजूला एका स्टँडवर पुठ्ठ्याचा आडोसा असा उभा केला की सावली फक्त माशीवर पडेल. तोच नेमबाज, तीच पिशवी, तीच काडतुसं. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा झुबका, मध्यावर आला. आडोसा काढला, पुन्हा डावीकडे. तिसऱ्या फेरीत ऊन तसंच ठेवून मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेल्या पत्र्याची काजळी मण्याला फासली. काळा झालेला मणी त्या गडद पुठ्ठ्यासमोर शोधायला त्रास झाला, दोन गोळ्यांना त्याने दीर्घ श्वास घेत बराच वेळ लावला, पण ग्रुप मध्यावर. कागदावर नेम मारणारे पूर्वीपासून साइटला काजळी लावत आले आहेत, ते याच चकाकीपायी.

शेवटी मी हूड मागितलं. तो घरून स्क्रूंच्या डब्यात घालून घेऊन आला होता. काजळी पुसली, हूड सरकवलं, ऊन तसंच. ग्रुप मध्यावर, आणि काजळीच्या वेळेपेक्षा घट्ट, कारण आता मणी दिसतही होता.

हाताचा, नळीचा, काडतुसांचा प्रश्न यात संपला. गोळी उजेडापासून पळत होती.

भिंगाखाली मणी

तरीही एक गोष्ट खटकत होती. गोल पितळी मण्यावर बाजूने ऊन पडलं की थोडी चकाकी येतेच, पण तिने सहसा इतका मोठा फरक पडत नाही. पन्नास मीटरवर ९ सेंटिमीटर म्हणजे फारच.

हिशेब सोपा आहे. या रायफलीत मागच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर ४३ सेंटिमीटर. माशीच्या जागी डोळ्याने १ मिलिमीटरची चूक केली की १०० मीटरवर ती सुमारे २३ सेंटिमीटर होते. ५० मीटरवर ९ सेंटिमीटर यायला माशीवर सुमारे ०.८ मिलिमीटरची चूक हवी. मणी मोजला तर २.४ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १.२. डोळा मण्याचा मध्य सोडून जवळजवळ त्याच्या कडेवर नेम धरत होता.

भिंग लावलं आणि कारण दिसलं. मणी जुना, काळपट तपकिरी पडलेला. फक्त उजव्या कडेला घासून सपाट झालेला एक पैलू, आणि तो मात्र नव्या पितळेसारखा लख्ख. गाडीतल्या रायफल रॅकच्या लोखंडी ओठाला माशीची ती बाजू टेकत होती. खाचखळग्यांच्या रस्त्यावर एका मोसमात एवढं घासणं पुरेसं होतं. हिऱ्याला पैलू पाडतात तसा हा रॅकने फुकट पाडून दिला होता.

उजवीकडून ऊन आलं की हा पैलू एकटाच पेटायचा. मण्याचा बाकीचा भाग काळ्या झाडीत मिसळून जायचा. नेमबाज तो पेटलेला ठिपका खाचेच्या मध्यात आणायचा. ठिपका मण्याच्या उजव्या कडेला, म्हणजे तो मध्यात आणताना नळीचं टोक डावीकडे सरकणार. सत्तर मीटरवर ही चूक १३ सेंटिमीटर होते. समोर तोंड करून उभ्या हरणाच्या छातीच्या मध्यावर धरलेली गोळी १३ सेंटिमीटर डावीकडे सरकली, त्यात हाताची थोडी थरथर मिळाली, की ती कुठे लागेल याचं उत्तर त्या केसांच्या पुंजक्यात होतं.

आता मामांचं हूड उलटसुलट करून पाहिलं. त्याच्या उजव्या अंगाचा काळा रंग पूर्ण उडून पांढरं पोलाद उघडं पडलं होतं, नेमकं त्याच उंचीवर. रॅक मामांचाही तोच होता. चाळीस वर्षं जे घासणं पत्र्याने सोसलं, ते एका मोसमात मण्याच्या वाट्याला आलं.

हुडाची दोन कामं सांगितली जातात. धक्क्यापासून राखण आणि उन्हापासून सावली. माणसं ती वेगळी धरतात आणि म्हणतात, मी काही रायफल आपटत नाही, मला गरज नाही. इथे एका कामाच्या अभावाने दुसऱ्याचा अभाव कितीतरी पटीने वाढवला होता. मणी वाकला असता तर चूक कायमची एकाच बाजूची झाली असती आणि पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. ही चूक ढगात गायब व्हायची, उन्हात परत यायची, आणि प्रत्येक वेळी मालक खाच ठोकून ती दुसऱ्या बाजूला पेरून ठेवायचा.

पण त्याने हूड काढलं होतं ते उगाच नव्हे

दिसण्याचा मुद्दा सोडून द्या. संध्याकाळचा मुद्दा खरा आहे, आणि हुडाचे कैवारी तो झटकून टाकतात ते बरोबर नाही.

त्याच दिवशी सूर्य बुडताना आम्ही दोघं झाडीकडे तोंड करून बसलो, रायफल रिकामी. आळीपाळीने हुडासह आणि हुडाशिवाय मणी पाहत राहिलो. हुडासह मणी ज्या वेळेला नाहीसा झाला, त्यानंतर जवळपास पंधरा मिनिटं तो उघड्यावर दिसत होता. दोघांच्या डोळ्यांत वयाचा बराच फरक, तरी अंतर साधारण तेवढंच.

याचं कारण हुडाच्या मापात आहे. हे हूड २२ मिलिमीटर लांब आणि आतून ९ मिलिमीटर रुंद होतं. मण्याची जी बाजू आपल्याकडे असते तिच्यावर उजेड पडायचा तर तो नळकांड्याच्या मागच्या तोंडातून, म्हणजे आपल्याच बाजूने यायला हवा. तिन्हीसांजेला उरलासुरला उजेड असतो तो वर आभाळात, आणि नेमका तोच पत्रा अडवतो. प्रकाश गोळा करणाऱ्या रंगीत काडीची, म्हणजे फायबर ऑप्टिकची माशी असेल तर प्रश्नच मिटला. ती काडी अंगावर पडलेला उजेड टोकाला आणते; तिच्यावर बंद हूड घालणं म्हणजे रोपट्यावर बादली पालथी घालणं.

दुसरी तक्रार असते की हुडाची कडी जनावर झाकते. ती मला फारशी पटत नाही. डोळ्यापासून माशी ८० सेंटिमीटरवर धरली तर ९ मिलिमीटरच्या या कडीतून १०० मीटरवरचं मीटरभराहून रुंद क्षेत्र दिसतं. पत्र्याची जाडी १० सेंटिमीटरची एक पट्टी झाकते, तीही गोलाकार. खुद्द २.४ मिलिमीटरचा मणी त्याच अंतरावर ३० सेंटिमीटर झाकतो, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. धावत्या जनावराच्या मागे रायफल फिरवताना कडीचा अडथळा जाणवतो हे मान्य. उभ्या जनावरावर नाही.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही. मागे उघड्या खाचेऐवजी बारीक भोकाची पीप साइट असेल, तर घाईत डोळा मण्याला सोडून हुडाचं वर्तुळ भोकात मध्यावर आणतो, कारण वर्तुळात वर्तुळ बसवायला डोळ्याला आवडतं. मण्याचा माथा हुडाच्या बरोबर मध्यावर असेल तर हे वरदान आहे. टार्गेट रायफलींच्या नळकांडी माशीत याच सवयीचा फायदा घेतात. मणी मध्यापासून १ मिलिमीटर खाली असेल तर गोळी १०० मीटरवर २३ सेंटिमीटर खाली जाते. सैनिकी रायफलींत हाच घोटाळा दुसऱ्या रूपात होतो. माशीच्या दोन्ही बाजूंना संरक्षणाचे 'कान' असतात आणि धांदलीत एखादा कानच माशी म्हणून धरला जातो. एम-१ गॅरँड रायफलीचे कान वरच्या टोकाला बाहेर मुडपलेले आहेत, ते सरळ उभ्या माशीपासून वेगळे ओळखू यावेत म्हणून.

या रायफलीला उघडी खाच होती, त्यामुळे हा धोका नव्हता. मात्र हूड बसवलं की मण्याला मध्यावर आणायला मदत होते हा फायदाही इथे नव्हता. उरले दोनच हिशेब: सावली आणि संध्याकाळ.

काय केलं

पर्याय त्याच्यापुढे मांडले. हूड कायम ठेवायचं आणि संध्याकाळचा शेवटचा तुकडा सोडून द्यायचा. किंवा हूड फक्त प्रवासात ठेवायचं आणि मचाणावर बसल्यावर काढायचं. मग मण्याची राखण होते पण सकाळच्या उन्हाचं दुखणं तसंच राहतं. किंवा मणीच बदलायचा, सपाट तोंडाचा घ्यायचा. किंवा माथ्यावर खिडकी असलेलं हूड. असे कापलेले हूड काही रायफलींवर कारखान्यातूनच येतात. मार्लिनच्या लिव्हर ॲक्शन रायफलींवर रुंद कापाचं हूड बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

त्याने मणी बदलायला नकार दिला. मामांचा मणी. मग मी तो जागेवरच दुरुस्त केला. मण्याची आपल्याकडची फुगीर बाजू बारीक कानशीने सपाट केली, इतकी की बाजूचा तो पैलू मागून दिसेनासा झाला, आणि वर बारीक पॉलिश पेपर फिरवून चकाकी घालवली. फुगीर पृष्ठभाग कुठूनही आलेला उजेड कुठेतरी डोळ्याकडे परतवतोच. सपाट आणि मंद केलेलं तोंड एकसारखं उजळतं किंवा एकसारखं काळं राहतं. मण्याच्या माथ्याला कानस लागू दिली नाही. माशी ०.१ मिलिमीटरने जरी ठेंगणी झाली तरी १०० मीटरवर गोळी २ सेंटिमीटरहून जास्त वर चढते, आणि कापलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

हुडाच्या बाबतीत तो मामांचं टोपण कापायला तयार नव्हता, आणि माझी सक्तीही नव्हती. त्याच मापाचं नवीन मागवलं आणि त्याच्या माथ्यावर ४ मिलिमीटर रुंद, १५ मिलिमीटर लांब खिडकी पाडली. दोन्ही टोकांना पत्र्याच्या अखंड कड्या ठेवल्या. त्याने संध्याकाळी पाहून सांगितलं की हरवलेल्या पंधरा मिनिटांपैकी निम्मी तरी परत मिळाली. सकाळचं तिरपं ऊन दोन्ही अंगांचा पत्रा अडवतच होता. भर दुपारी वरून ऊन पडलं तर मण्याचा माथा उजळेल अशी मला धास्ती होती, कारण उजळलेला माथाच मणी धरला तर गोळी खाली जाते. सपाट केलेल्या मण्यावर तसं झालं नाही. दुपारी बारा वाजता गडद पुठ्ठ्यावर मारून पाहिलं, फरक दिसला नाही.

झिरो पुन्हा तपासला तो तीनदा: सकाळी, दुपारी आणि ढगाळ दिवशी. तिन्ही वेळा हूड बसवून आणि गडद पुठ्ठ्यावर. खाच मामांच्या रेघेवरून एक केसही हलवावी लागली नाही. रॅकच्या लोखंडी ओठाला त्याने चामड्याची पट्टी चिकटवली, ते काम खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

पुढच्या मोसमात

माझी दुसरी चूक इथे आली. हूड ठोकळ्याच्या खोबणीत पुढून सरकवलेलं असतं आणि केवळ पत्र्याच्या स्प्रिंगवर घट्ट बसतं. गोळी सुटते तेव्हा रायफल मागे झटकते आणि हूड आपल्या जागी राहू पाहतं, म्हणजे रायफलीच्या हिशेबाने ते पुढे घसरतं. प्रत्येक गोळीगणिक केसभर. शिवाय चामडी म्यानातून रायफल खेचताना चामडं हुडाला त्याच दिशेने, पुढे ओढतं. म्हणून त्याचे पाय, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या खालच्या कडा, अधूनमधून हलके दाबून आत घ्यावे लागतात, आणि नळकांडं अखंड असेल तर ते पुरतं. मी माथ्यावर खिडकी पाडली तेव्हा ज्या गोलाईमुळे पत्र्याला पकड येते तीच कमजोर केली. कड्या ठेवल्या होत्या, पण त्या अरुंद होत्या. बसवताना बोटाला घट्ट लागलं, म्हणून मी खूश होतो.

मोसमाच्या तिसऱ्या दिवशी हिमात त्याने म्यानातून रायफल काढली आणि नळीचं टोक उघडं होतं. म्यान उलटं करून झटकलं, मागची वाट दोनशे पावलं चाळली. काळ्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा पत्रा हिमात कधीच कुठल्या कुठे गेला होता. "तुमची खिडकी गेली," एवढाच निरोप आला.

सुदैवाने यावेळी मणी सपाट होता आणि रॅकला चामडं होतं, त्यामुळे उरलेले दोन दिवस उघड्या माशीने निभावले. त्याने त्या दोन दिवसांत सकाळच्या उन्हात गोळी मारली नाही, मीही त्याला मार म्हटलं नसतं.

घरी आल्यावर त्याने स्क्रूंचा डबा उघडला. मामांचं हूड, न कापलेलं, उजव्या अंगाला पांढरं पडलेलं. पाय किंचित दाबून घेतले आणि सरकवलं. अर्ध्यापर्यंत बोटाने, पुढे लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकत. मी खिडकीचा विषय पुन्हा काढला नाही. गेल्या दोन मोसमांत ते हललेलं नाही, खाच रेघेवर आहे, आणि संध्याकाळी इतर लोक बसलेले असतात तेव्हा हा पंधरा मिनिटं आधी मचाणावरून उतरतो.